एक्झिफटूल : फोटोतील छुप्या नोंदी पुसणारे भरवशाचे साधन

मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबरच फोनचे मॉडेल, फोटो काढल्याची नेमकी वेळ आणि लोकेशन चालू असल्यास अक्षांश-रेखांशही साठवले जातात. नाव न देता फोटो टाकणाऱ्याचा ठावठिकाणा त्यातूनच उघड होतो. डिसेंबर २०१२ मध्ये मॅकाफी अँटिव्हायरसचे निर्माते जॉन मॅकाफी ग्वाटेमालात लपले असल्याचे अशाच नोंदींमुळे जगाला कळले होते.

या नोंदी पुसण्यासाठी मी फिल हार्वे यांचा एक्झिफटूल हा विनामूल्य प्रोग्राम वापरतो. त्यात बटणे नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते, त्यामुळे नवख्याला सुरुवातीला बिचकायला होते. पण एकाच आज्ञेत अख्ख्या फोल्डरमधील फोटो स्वच्छ होतात आणि कोणत्या फोटोत काय दडले होते, हे आधी ओळीओळीने वाचता येते. माझ्या मते त्याचे खरे मोल या वाचनात आहे, कारण काय उघडे पडत होते हे पाहिल्याशिवाय सावधपणा अंगवळणी पडत नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. हा प्रोग्राम मूळ फाइलची प्रत शेजारीच ठेवतो. घाईत तीच अपलोड होऊ नये. शिवाय दिशेची नोंदही पुसली जात असल्याने उभा फोटो कधी आडवा दिसतो, तो आधीच फिरवून घ्यावा. चित्रात दिसणारी दुकानाची पाटी, काचेतील प्रतिबिंब किंवा फाइलच्या नावातली तारीख तो आपणहून काढत नाही. ते डोळ्यांनीच तपासावे लागते.