साउंड कार्डच्या नावाखाली ८,१४९ रुपये उकळले: हेडफोनचा आवाज बिघडलेल्यांनी दुकानात जाण्याआधी वाचावे

लातूरच्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानाने माझ्याकडून ‘नव्या’ साउंड कार्डचे (संगणकात आवाजासाठी बसवायच्या वेगळ्या कार्डाचे) ३,८५० रुपये, ते चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे १,४९९ रुपये आणि मदरबोर्डवरची, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटवरची, ऑडिओ आयसी (आवाजाची चिप) बदलल्याचे २,८०० रुपये असे एकूण ८,१४९ रुपये घेतले. यातल्या एकाही कामाची गरज नव्हती आणि शेवटचे काम तर झालेच नव्हते. दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण प्रकरण आता तक्रारीत आहे; पण लातूर, अंबाजोगाई, परळी या पट्ट्यातल्या इतर कोणाची अशी लूट होऊ नये म्हणून सर्व हकिकत मांडतो.

मी अंबाजोगाईत राहतो आणि सप्ताहातल्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे साफ करून देतो. माइकचा घुमारा, मागची कुजबुज, टाळांचा कर्कशपणा हे सारे हेडफोनशिवाय पकडता येत नाही, त्यामुळे हेडफोन हे माझे हत्यारच आहे. संगणक माडीवरच्या खोलीत हलवल्यापासून हेडफोनमध्ये एकसारखी गुणगुण ऐकू येऊ लागली आणि माउस हलवला की त्यात बारीक किरकिर मिसळू लागली. काल्याच्या कीर्तनाचे काम अंगावर होते, गावकऱ्यांचे फोन सुरू होते, म्हणून कॅबिनेट चादरीत गुंडाळून एसटीने रेणापूरमार्गे लातूरला नेले.

दुकानातल्या मुलाने हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावून मला ऐकवला. किरकिर तिथेही होती. “काका, मदरबोर्डचा साउंड गेलाय, वेगळं कार्ड टाकावं लागेल,” असे तो म्हणाला. मग त्याने कार्ड बसवले, हेडफोन मागे त्या कार्डाच्या जॅकला लावला आणि आवाज आरशासारखा स्वच्छ आला. पैसे याच क्षणी गेले. त्याने आधीची तपासणी पुढच्या जॅकवर केली आणि नंतरची मागच्या जॅकवर. कार्ड बसवण्यापूर्वी हेडफोन मदरबोर्डच्याच मागच्या हिरव्या जॅकला एकदा लावला असता, तर आवाज तितकाच स्वच्छ आला असता आणि कार्डाचा विषयच उरला नसता. त्या मुलाला हे ठाऊक नव्हते असे मी मुळीच मानणार नाही, कारण पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून जाते आणि तिथला विद्युत गोंगाट उचलू शकते, ही गोष्ट संगणक जोडणाऱ्या कोणालाही माहीत असते. गिऱ्हाईकाने ते ओळखायला हवे होते, असे कोणी म्हणेल. दुकानात गर्दी होती, आवाज माझ्याच कानांनी सुधारलेला ऐकला होता आणि परतीची बस गाठायची होती. अशा वेळी कोणता माणूस जॅक पुढचा की मागचा याची चौकशी करत बसतो?

आवाजाच्या चिपसाठी लागणारा रिअलटेक कंपनीचा ड्रायव्हर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यासाठी कोणी लायसन्सचे पैसे मागितले, तर कॅबिनेट उचलून बाहेर पडावे.

घरी येऊन नेहमीप्रमाणे पुढच्या जॅकला हेडफोन लावला आणि किरकिर पुन्हा सुरू झाली. ती होणारच होती, कारण पुढच्या जॅकची वायर अजून मदरबोर्डलाच जोडलेली होती, नव्या कार्डाला नव्हे. दुकानदाराने मात्र फोनवर “आता आयसीपण गेली” असे सांगितले, पुन्हा लातूरला बोलावले, २,८०० रुपये दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या नावाच्या यूपीआय खात्यावर घेतले आणि निघताना बजावले, “पुढचं होल वापरू नका, मागचंच वापरा.” आयसी खरोखर बदलली असती, तर पुढचा जॅक वापरायला बंदी कशासाठी?

माझा भाचा तंत्रनिकेतनात शिकतो. त्याने कॅबिनेटच्या बाजूचे झाकण उघडले तेव्हा त्या आयसीभोवती जुनी धूळ जशीच्या तशी बसलेली होती. गरम हवेची मशीन लावून आयसी उतरवली असती, तर ती धूळ तिथे राहिली नसती. कार्डावरच्या नव्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलताच खाली दुसऱ्या कोणत्या तरी दुकानाचे २०१४ सालचे वॉरंटी स्टिकर निघाले. आणि मूळ बिघाड? माडीवरच्या विजेच्या बोर्डात तिसऱ्या पिनला अर्थिंगची वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनने ६५० रुपयांत ती ओढून दिली आणि गुणगुण थांबली. उरलेली किरकिर हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावल्यावर गेली.

लॅपटॉप वापरणाऱ्यांनी चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. गुणगुण थांबली, तर दोष बहुधा विजेच्या जोडणीत असतो. गायकाचा आवाज मधूनच गायब होऊन नुसती वाद्ये आणि घुमारा ऐकू येत असेल, तर पिन पूर्ण आत गेली आहे का ते आधी बघावे. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की आवाज टेलिफोनसारखा होतो, तो बिघाड नव्हे. विंडोजमधले ऑडिओ एन्हान्समेंट (आवाजात आपोआप फेरफार करणारी सोय) बंद करून ऐकावे. दुरुस्तीला दिल्यावर काढलेला जुना भाग परत मागावा.

आता यंत्रणेबद्दल. आमच्या गावच्या ठाण्यात सांगितले की व्यवहार लातूरला झाला, तिकडे जा. लातूरच्या ठाण्यात सांगितले की तुम्ही राहता तिथे जा, आणि तसाही “हा दिवाणी मामला आहे.” दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यावी लागते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते, ते मी छापून नेले होते. कागद हातात न घेता मला बाकावर बसवून ठेवले. गुन्हा दखलपात्र वाटत नसेल तर निदान अदखलपात्र नोंद करा, ही विनंतीही कोणी ऐकली नाही. बँकेत गेलो तर म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, आम्ही काय करणार. लाखांची फसवणूक झाल्याशिवाय सामान्य माणसाची तक्रार तक्रार ठरत नाही का? आठ हजार रुपये ही माझी कित्येक सप्ताहांची कमाई आहे, आणि तिची चौकशी करायला एकाही खुर्चीवरचा माणूस उठला नाही.

शेवटी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार घेतला. या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. दुकानाने पक्के बिल दिलेच नाही, म्हणून यूपीआयच्या नोंदी, फोनवरचे संदेश आणि त्या दोन स्टिकरांची छायाचित्रे जोडून बीडच्या जिल्हा आयोगासाठी तक्रार तयार केली आहे. दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा कोणी थांबून राहू नये. ज्यांनी या भागात हल्ली साउंड कार्ड बसवून घेतले असेल, त्यांनी त्यावरचे स्टिकर हळूच उचलून पाहावे आणि खाली दुसरे निघाले, तर ते काढून टाकण्याआधी छायाचित्र घ्यावे.