दोन टनी ट्रॉली जॅक, 14 महिने वापरून: उचलतो झकास, पण ती चाकं!

आधी 3 स्टार दिले होते, मग जुलैमध्ये चिडून 1 केला, आता परत 3 वर आणलाय. चौथा मिळणार नाही. कारण चाकं.

जॅक (दांडा मारून गाडी उचलायचा, खाली स्वतःची छोटी चाकं असलेला) कुठला ते सांगत बसत नाही, लाल रंगाचा, प्लॅस्टिकच्या पेटीत येतो तोच, दोन टनी, सगळीकडे 3,000 ते 3,500 ला मिळतो. मी 3,200 ला घेतला. टायर रोटेशनला (टायरांच्या जागा आपसात बदलायला) गेलं की टायरवाला दर वेळी "साहेब अलाइनमेंट पण करूनच घ्या" म्हणणार आणि आपण घेणार, त्याला वैतागून घेतला. आत्तापर्यंत दोनदा रोटेशन, एकदा पुढचे ब्रेक पॅड, दोन पंक्चर. माझ्या हिशोबाने अजून सातेकशे रुपये वसूल व्हायचेत.

उचलण्याबद्दल तक्रार शून्य. माझी 2014 ची वॅगनार, टनाच्या आतली गाडी, दहाबारा दांडे मारले की चाक हवेत. गाडीसोबतच्या त्या कैची जॅकला तेवढ्यात माझा शर्ट ओला होतो आणि बोटं सोलतात. खाली घेताना मात्र दांडा एकदम फिरवू नका, अगदी तिळातिळाने उलटा फिरवा, नाहीतर गाडी धप्पकन बसते आणि बी विंगमधले काका गॅलरीतून विचारतात काय फुटलं.

आता चाकं. या जॅकला चाकं कशाला असतात? मला वाटायचं इकडून तिकडे ढकलत न्यायला. नाही हो. जॅकचा हात मागच्या बाजूला खिळलेला असतो, तो उचलताना सरळ वर जात नाही, कमानीत जातो, म्हणजे टोकाची वाटी जसजशी वर जाते तसतशी दांड्याच्या बाजूला मागे येते. गाडीचा सिल (दरवाज्यांखालची पत्र्याची कड, तिथेच वाटी लावतात) तर जागेवर आहे. मग जॅकनेच गाडीखाली सरकायला पाहिजे, आणि तो सरकतो ते चाकांवर. चाकं अडकली तर वाटी सिलवरून घसरणार नाहीतर गाडीच तुमच्याकडे ओढली जाणार. हे पेटीवर कुठे लिहिलेलं नाही, आतल्या कागदावर "कठीण आणि सपाट जमीन" एवढं एक वाक्य आहे.

आमच्या सोसायटीत (नाशिक, बिल्डरचं नाव घेत नाही) पार्किंगला पेव्हर ब्लॉक. जॅकची पुढची चाकं म्हणजे बिडाची, सुपारीपेक्षा थोडी मोठी म्हणा, दोन ब्लॉकच्या फटीत बरोब्बर बसतात. जुलैमध्ये डावं पुढचं चाक काढायचं होतं, नट अर्धा आटा सैल केलेले, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड, सगळं नीट. दांडे मारतोय, गाडी वर येतेय, आणि वर येता येता माझ्याकडे झुकतेय असं वाटलं, म्हटलं भास असेल, अजून दोन दांडे मारले आणि कर्रर्र करून वाटी दीड इंच घसरली, सिलची पत्र्याची कड वाकली. जॅक फटीत रुतून बसलेला, तसूभर हलला नव्हता. चाक अजून गाडीलाच होतं आणि मी बाहेर उकिडवा बसलेलो म्हणून हे लिहितोय. हळूहळू खाली घेतली, नट आवळले आणि घरी जाऊन काही बोललो नाही.

एका चाकाचा टवका पण उडालेला. कस्टमर केअरला फोन केला तर "सर, चाकं कंझ्युमेबलमध्ये येतात, वॉरंटी फक्त हायड्रोलिकला." कंझ्युमेबल? चाकं काय अगरबत्ती आहे का? तीन फोन, चार फोटो, एक ईमेल, शेवटी सुट्टी चाकं विकत तरी द्या म्हटलं तर ती मिळत नाहीत. तो 1 स्टार तेव्हाचा.

मग आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला दाखवलं. तो आधी हसला. म्हणाला, चाकं चांगलीच आहेत, तुमची जमीन वाईट आहे, माझ्याकडे कोबा आहे म्हणून माझा जॅक पळतो. म्हणजे रिव्ह्यू सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकचा लिहायला पाहिजे होता. तरी चाकं बोटभर रुंद दिली असती तर कंपनीचं काय गेलं असतं, या मतावर मी ठाम आहे.

उपाय म्हणून आधी सुताराकडून 18 मिमीचा प्लायचा तुकडा आणला. जॅक मस्त सरकतो, पण पंक्चर झालं तेव्हा गंमत कळली. जॅकची कमीत कमी उंची साडेतेरा सेंमी. सिल जमिनीपासून वीसेक सेंमी, टायर बसला की सहा सेंमी गेले, खाली प्लाय टाकला की जॅक आत जातच नाही. मग भंगारवाल्याकडून लोखंडी पत्रा आणला, 3 मिमी जाड, दोन फूट बाय दीड फूट, साडेसहा किलो भरला, किलोच्या भावाने साडेतीनशे घेतले. लोखंडावर लोखंडी चाकं अशी पळतात की काय सांगू. पंक्चर असेल तर आधी छोट्या पंपाने जमेल तेवढी हवा भरतो, खिळा असेल तर दहा मिनिटं तरी टिकते, तेवढ्यात जॅक आत.

वाटीला रबर नाही हा दुसरा कंजूषपणा. चप्पल दुरुस्तीवाल्याकडून जाड सोलचा गोल तुकडा कापून मधे खाच पाडून घेतली, 40 रुपये. सिलची कड त्या खाचेत बसते, वाकत नाही.

आणि स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी पाय. बाबा म्हणाले विटा लाव, आम्ही विटाच लावायचो. विटा नकोच, वीट आधी काही सांगत नाही, एकदम फुटते. सुरुवातीला मी पण काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून भागवत होतो. पण ब्रेक पॅडच्या वेळी जॅकवरच गाडी ठेवून चहाला गेलो, आलो तर गाडी बोटभर खाली. जॅकच्या आत एक रबरी सील तेल अडवून धरतं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी 1,600 ची स्टँडची जोडी आणली, हात थरथरत पैसे दिले. आणल्यावर कळलं की जॅकला आणि स्टँडला सिलवरची तीच खाच पाहिजे! मॅन्युअल उघडलं (नऊ वर्षांत पहिल्यांदा) तर गॅरेज जॅकचे पॉइंट वेगळे दाखवलेत, स्टँडचे वेगळे. आता पुढून मधल्या क्रॉसमेंबरला (गाडीखालचा मजबूत आडवा भाग) जॅक लावतो, दोन्ही खाचांखाली स्टँड, गाडी स्टँडवर बसवतो, धक्का देऊन बघतो, मग हात घालतो. ऑइल चेंबरला (इंजिनाखालची तेलाची टाकी) जॅक लावू नका एवढं बघा, दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

अजून एक, पुढचं एक चाक उचललं की गिअरमध्ये टाकून उपयोग नाही, डिफरन्शियलमुळे (दोन्ही पुढच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) हवेतलं चाक फिरतं आणि गाडी मोकळी. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, तो आणि दगड, भरवसा त्यांच्यावर.

पत्रा गेल्या आठवड्यात गायब झालेला. शोधला तर वॉचमनने गेटजवळच्या गटाराच्या तुटक्या झाकणावर टाकलेला, वरून दोन स्कूटर पण गेलेल्या. आता त्याच्यावर ऑइल पेंटने फ्लॅट नंबर लिहिलाय.