जनगणना की टाइद नकाशा? इंग्लंडमधल्या शेतकरी घराण्याचा माग

पूर्वजांचा धंदा शोधायचा असेल, तर मी आधी जनगणना उघडते. 1841 च्या नोंदींत वयं ढोबळ आहेत, नाती नाहीत. पण 1851 पासून प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव मिळतं. शेतकऱ्याला तर किती एकर जमीन कसतो, किती मजूर ठेवतो हेही सांगावं लागे. दर दहा वर्षांनी तेच घराणं पुन्हा भेटतं: 1851 मध्ये शंभर एकर कसणाऱ्याचा मुलगा 1881 मध्ये शेतमजूर दिसला की जीव हळहळतो.

घराच्या बाबतीत मात्र जनगणना फसवते. समासातला अनुक्रमांक हा घरक्रमांक नव्हे. खेड्यात अनेकदा नुसतं गल्लीचं नाव असतं.

इथे टाइद नकाशा कामी येतो. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. 1836 च्या कायद्याने तो रोख रकमेत बदलला, त्यासाठी गावोगाव मोजणी झाली. नकाशावर घर, खळं, प्रत्येक वावर क्रमांकासह. सोबतच्या यादीत मालक, कूळ, वावराचं नाव, नांगरट की कुरण, क्षेत्रफळ. पणजोबांच्या पणजोबांचं दार नेमकं कुठे होतं, ते बोट ठेवून दाखवता येतं!

पण यादीत बायकामुलं नाहीत, मजुरांची नावंही बहुधा गाळलेली. नॉर्थॅम्प्टनशरसारख्या भागांत टाइद आधीच मिटल्याने अनेक गावांना नकाशाच नाही. तिथे जनगणनेवरच भिस्त. नकाशा असेल, तर मी 1841 ची जनगणना त्याच्याशेजारी ठेवूनच वाचते.