गंगापूर रोडवरचे पाच शनिवार : बेलफास्टच्या शाळा समजून घेताना

माझी मुलगी बेलफास्टजवळच्या लिस्बर्नला राहते आणि बेलफास्टच्या एका रुग्णालयात नर्स आहे. नात पुढच्या मे महिन्यात चार वर्षांची होईल. उत्तर आयर्लंडमध्ये १ जुलैपर्यंत चार पूर्ण झाली की त्याच सप्टेंबरात मूल पहिल्या इयत्तेत बसतं, त्यामुळे शाळेचा घोर आत्तापासूनच लागलाय. गणपतीत लेकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आई, इथे शाळा निवडायची म्हणजे आधी बाजू निवडायची, असं वाटायला लागलंय गं." मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीच दिंडोरी तालुक्यात. पण या प्रश्नावर मला तिला एक वाक्यही सांगता आलं नाही.

म्हणून हा अभ्यासवर्ग लावला. एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी नाशिकच्या गंगापूर रोडला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दर दोन-तीन महिन्यांनी एक विषय घेतात. पाच शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, शुल्क ८०० रुपये, चहा त्यातच. या वेळचा विषय होता उत्तर आयर्लंडमधलं युनियनवादी राजकारण, म्हणजे ब्रिटनसोबतच राहायचं म्हणणाऱ्यांचं, बहुतांशी प्रॉटेस्टंटांचं राजकारण, आणि तिथल्या शाळा. दुसरी बाजू बहुतांशी कॅथलिकांची, आयर्लंड एक व्हावं म्हणणारी. आम्ही १९ जण होतो. बहुतेक माझ्याच वयाचे, दोन कॉलेजची मुलं आणि मुलगा परदेशी असलेलं सिडकोतलं एक जोडपं.

आधी तक्रारी. लिफ्ट नाही. गुडघ्यांचं दुखणं असेल तर दोन जिने जड जातात. टिपणांच्या झेरॉक्स इतक्या बारीक अक्षरात होत्या की मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. आणि पहिला शनिवार फार लांबला. सतराव्या शतकात स्कॉटलंड-इंग्लंडहून लोक आणून वसवले तिथपासून सुरुवात, मग १६९० ची बॉइनची लढाई, जी प्रॉटेस्टंट राजा विल्यमने जिंकली, तिच्या नावाने अजूनही १२ जुलैला निघणाऱ्या मिरवणुका. या विल्यमवर पाऊण तास गेला आणि १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी होऊन उत्तर आयर्लंड वेगळं झालं त्यानंतरची पन्नास वर्षं, ज्यांत कॅथलिकांना घरं, नोकऱ्या आणि स्थानिक निवडणुकीतलं मत यांसाठी झगडावं लागलं, ती दहा मिनिटांत उरकली. पुढच्या तुकडीत सरांनी हे उलटं करावं.

तरी त्या दिवशीची एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. सरांनी भिंतीवर अल्स्टरचा, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या जुन्या प्रांताचा नकाशा लावला होता. त्याच्या नऊ परगण्यांपैकी उत्तर आयर्लंडमध्ये घेतलेले सहा त्यांनी लाल लोकरीने वेढले आणि विचारलं, "नऊ का नाही घेतले?" नऊ घेतले असते तर प्रॉटेस्टंटांचं बहुमत काठावर आलं असतं, म्हणून सहाच घेतले. बहुमत मोजून आखलेल्या प्रांतात माणसं एकमेकांना मोजतच राहणार, हे तेव्हाच लक्षात आलं.

दुसरा शनिवार मला सगळ्यात आवडला. तिथल्या पहिल्या शिक्षणमंत्र्याने, लॉर्ड लंडनडेरीने, १९२३ मध्ये कायदा केला: सरकारी शाळेत सगळ्या धर्मांची मुलं एकत्र बसतील, आणि सक्तीच्या तासांत धर्मशिक्षण नसेल. तो स्वतः युनियनवादी. त्याला विरोध दोन्हीकडून झाला. कॅथलिक बिशपांनी आपल्या शाळा सरकारला द्यायला नकार दिला, कारण हे सरकार आपलं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. प्रॉटेस्टंट धर्मगुरू आणि ऑरेंज ऑर्डर ही प्रॉटेस्टंटांची संघटना यांनी बायबल वर्गातून जातंय म्हणून रान उठवलं. १९२५ आणि १९३० मध्ये कायदा बदलला. प्रॉटेस्टंट चर्चनी आपल्या शाळा सरकारकडे सोपवल्या, पण त्यांच्या व्यवस्थापनात जागा राखून. त्या जागा आजही आहेत. शिक्षक घडवणारी कॉलेजंसुद्धा बेलफास्टमध्ये दोन: सेंट मेरीज कॅथलिकांचं, स्ट्रॅनमिलिस बहुतांशी प्रॉटेस्टंटांचं. मी शाळेतली शिक्षिका म्हणून ऐकत होते, त्यामुळे हे जास्त लागलं. मुलं वेगळी बसतात हे एक झालं, पण त्यांना शिकवणारेही वेगळे शिकून येतात.

तिसऱ्या शनिवारी लगन कॉलेज. १९८१ साल, ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आयरिश कैद्यांच्या तुरुंगातल्या उपोषणात दहा जणांचे प्राण गेले ते वर्ष. त्याच सप्टेंबरात बेलफास्टमधल्या काही आईवडिलांनी दोन्ही समाजांची २८ मुलं घेऊन शाळा उघडली. सुरुवातीला सरकारी पैसा नव्हता. आज अशा एकत्र, म्हणजे इंटिग्रेटेड शाळा सत्तरच्या आसपास आहेत, तरी तिथली जेमतेम सात-आठ टक्के मुलं त्यांत शिकतात. त्यांत साधारण ४० टक्के प्रॉटेस्टंट, ४० टक्के कॅथलिक आणि २० टक्के इतर असा तोल धरायचा प्रयत्न असतो. आमची नात त्या "इतर" मध्ये. हा आकडा ऐकताना मी वहीत तिचं नाव लिहिलं आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले.

या वर्गाची खरी किंमत चौथ्या शनिवारी कळते. तोवर आम्ही सगळेच मनातून ठरवून बसलो होतो: इंटिग्रेटेड शाळा चांगली आणि तिला विरोध करणारे वाईट. सरांनी चिठ्ठ्या वाटल्या. मला आली "बँगरमधली प्रॉटेस्टंट आजी". बँगर हे बेलफास्टजवळचं गाव. त्या आजीच्या तोंडून पाच मिनिटं बोलायचं, आणि तिची टिंगल न करता.

त्यासाठी मॅडमनी पार्श्वभूमी सांगितली. २०१२ च्या डिसेंबरात बेलफास्ट पालिकेने वर्षभर फडकणारा ब्रिटिश झेंडा ठरावीक दिवसांपुरता केला, तेव्हा कितीतरी आठवडे लोक रस्त्यावर होते. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक वारशाचे ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट व इतर ख्रिस्ती वारशाचे ४३.५ टक्के निघाले. १९२१ मध्ये मोजून आखलेलं बहुमत बरोबर शंभर वर्षांनी मोजणीतच गेलं. २०२२ मध्ये इंटिग्रेटेड शिक्षणाला पाठबळ देणारा कायदा झाला, त्याला डीयूपी या सगळ्यात मोठ्या युनियनवादी पक्षाचा विरोध होता. त्यांचं म्हणणं: आमच्या सरकारी शाळा सगळ्यांना खुल्याच आहेत, मग एकाच प्रकारच्या शाळेला कायद्याने झुकतं माप का? मजा नव्हे, पेच असा की याच पक्षाचे तेव्हाचे नेते पीटर रॉबिन्सन यांनी २०१० मध्ये वेगळ्या शाळांना सौम्य प्रकारचा वर्णभेद म्हटलं होतं. आणि बँगरमध्येच, जिथे बहुतांश प्रॉटेस्टंट मुलं शिकतात त्या मोठ्या शाळेने इंटिग्रेटेड व्हायचं ठरवलं, मत देणाऱ्या पालकांपैकी जवळपास ८० टक्के हो म्हणाले, तरी २०२५ च्या जानेवारीत डीयूपीच्या शिक्षणमंत्र्यांनी, पॉल गिव्हन यांनी, प्रस्ताव नाकारला. कारण दिलं की तिथे पुरेशी कॅथलिक मुलं येतील असं दिसत नाही.

मी आजी होऊन उभी राहिले. म्हणाले, "माझा झेंडा उतरवला, माझी संख्या घटली, आता नातवाच्या शाळेच्या पाटीवरचा शब्दही बदलायचा म्हणता. माझं असं नेमकं काय राहणार?" बोलता बोलता माझा गळा भरून आला. ही बाई मला चुकीची वाटते, अजूनही वाटते. पण तिची भीती खोटी नाही, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. मग सिडकोतल्या काकांनी मत देणाऱ्या पालकाची चिठ्ठी वाचली: "आजी, तुमचं राहावं म्हणूनच मुलांना कॅथलिक मुलांत बसवायचंय."

एका बाबतीत माझं सरांशी पटलं नाही, आणि ते इथे लिहायला हवं. सरांनी शेवटी काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणला. २ मार्च १९३०, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, नाशिककरांना ते सांगावं लागत नाही. सर म्हणाले, तिथेही दार बंद, इथेही दार बंद. मी हात वर केला. काळारामाचं दार बाहेरून आत येणाऱ्याला बंद होतं. बेलफास्टच्या कॅथलिकांनी आपली शाळा स्वतः बांधली आणि आतून कडी लावली, कारण बाहेरचं राज्य त्यांना आपलं वाटत नव्हतं. या दोन कड्या एक नाहीत. आपल्याकडे शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहं काढायला मदत केली, आपल्या नाशिकच्या उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला १९२० मध्ये त्यांच्याच हस्ते बसली. आणि त्याच महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. आसरा म्हणून वेगळं राहणं आणि बाहेर ठेवलं जाणं यांतला फरक त्यांना कळत होता. सर थोडं थांबले, म्हणाले, "बाई, हे तुम्ही पुढच्या तुकडीत येऊन सांगा." असा माणूस वर्ग घेत असेल तर ८०० रुपये कमीच आहेत.

पाचव्या शनिवारी उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहरातल्या एका मराठी कुटुंबाशी ऑनलाइन गप्पा होत्या. वीज गेली, इन्व्हर्टर नव्हता, मोबाइल मधे ठेवून १९ जणांनी कान लावले, तुटक तुटक ऐकू आलं. हा शनिवार वाया गेला म्हणायला हरकत नाही. मॅडमनी त्याबद्दल प्रत्येकाला १५० रुपये परत दिले, न मागता.

घरी ज्यांचं कुणी तिकडे आहे त्यांनी हा वर्ग जरूर लावावा. शिक्षकांनी तर लावावाच. फक्त बातम्या समजून घ्यायच्या असतील तर दुसरा, तिसरा आणि चौथा शनिवार पुरेसे आहेत, आणि सर तेवढ्याचंच शुल्क घ्यायला तयार असतात, विचारावं लागतं. पाच पैकी चार तारे. कापलेला एक तारा जिन्याचा आणि पहिल्या शनिवारचा.

माझ्या टिपणांचे फोटो मी लेकीला पाठवले. लोकरीच्या नकाशाचाही पाठवला. तिने आता दोन शाळा बघायच्या ठरवल्या आहेत, एक इंटिग्रेटेड आणि एक घराजवळची सरकारी. दोन्हीकडे काय विचारायचं त्याची यादी आम्ही दोघींनी रविवारी फोनवर केली. पहिला प्रश्न मी घातला: मधल्या सुट्टीत मुलं कुणाशेजारी बसून डबा खातात?