कन्नड घाटातनं चाळीसगाव: जावं का?

संभाजीनगरहून धुळ्याकडं निघालेले बरेच जण विचारतात कन्नडवरून जाऊ का, तर माझं मत सरळ आहे, कार किंवा बाईक असेल आणि दिवसाउजेडी निघत असाल तर बिनधास्त जा, पावसाळ्यात रात्री मात्र नकोच.

संभाजीनगरच्या बाहेर करोडीपासून तेलवाडीपर्यंत चौपदरी झालाय, गाडी भन्नाट पळते पण बघायला काही नाही. जुना रस्ता दौलताबाद-खुलताबाद-वेरूळवरनं, तो लई भारी, फक्त दौलताबादला किल्ल्याचा दिल्ली दरवाजा अरुंद, त्यात एसटी आणि टुरिस्ट बस समोरासमोर आली की बसा हॉर्न ऐकत. शनिवारी भद्रा मारुतीची गर्दी वेगळीच. दिवाळीच्या आसपास सीताफळवाले बसतात, घेताना टोपलीतली खालची बघून घ्या राव.

खरा माल कन्नडच्या पुढं. आपल्या बाजूनं घाट आलाय हे कळतच नाही, पठारावरनं सरळ चालता चालता एकदम जमीनच संपते आणि खाली खानदेश दिसतो. माथ्याच्या अलीकडं पडलेलं पाणी शिवना नदीतनं गोदावरीत, म्हणजे जायकवाडीला, आणि पलीकडचं तितूर, गिरणा करत तापीला. एकाच डोंगरावरचा पाऊस, अर्धा बंगालच्या उपसागरात अर्धा अरबी समुद्रात! पोरांना हे तिथं गाडी थांबवून सांगा (वळणावर नका थांबू).

आता डोकेदुखी. ऑगस्ट 2021 मध्ये इथं दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, त्याच पावसात चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं. त्याआधी आणि नंतरही ट्रक अडकला की तासन्‌तास जाम, म्हणून 2023 ला हायकोर्टाच्या संभाजीनगरच्या खंडपीठानं घाटात जड वाहनं बंद केली. कारवाल्यांची मजा झाली, ट्रकवाल्यांना लांबचा वळसा पडला, त्यांना विचाराल तर ते एक स्टार पण देणार नाहीत. बोगदा होणार हे ऐकतोय ते ऐकतोयच.

मी चार देतो. एक कापला कारण धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही आणि तरीही लोक ओव्हरटेक मारतात. उतरताना सेकंड गिअर ठेवा, न्यूट्रलवर पेट्रोल वाचवणाऱ्यांनी आधी ब्रेकवाल्याकडं जाऊन यावं. माकडांना बिस्किटं टाकू नका, गौताळा अभयारण्य आहे ते. आणि हातात अर्धा दिवस असेल तर पितळखोऱ्याची लेणी करा, वेरूळपेक्षा जुनी, खाली दरीत पायऱ्या उतरून जावं लागतं, पाणी सोबत घ्या.