स्पॅरो वॉलेट वापरून बघितलं आणि १ वाल्या पत्त्यातून एकदाचा सुटलो

चार स्टार. मोबाईल ॲप नाही म्हणून पाचवा कापला.

स्पॅरो म्हणजे बिटकॉइनचं डेस्कटॉप वॉलेट, फुकट, ओपन सोर्स, दुसरं कुठलं कॉइन यात चालत नाही. मी ठाण्यात कोपरीला राहतो, ऐरोलीला नोकरी, आणि पगार झाला की अधूनमधून थोडं बिटकॉइन घेऊन एका जुन्या मोबाईल वॉलेटमध्ये टाकायचो (नाव नाही घेत). त्याने मला १ ने सुरू होणारा पत्ता दिलेला आणि मी भाबडेपणाने तोच परत परत वापरला, बँकेचा अकाउंट नंबर असल्यासारखा. मध्ये एकदा त्यातून थोडं विकलंही.

ते ॲप अपडेट व्हायचं बंद झालं तेव्हा जाग आली. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर स्पॅरो टाकलं, जुन्या वॉलेटचे बारा शब्द (ज्यांच्यावरून वॉलेट परत उभं करता येतं) भरले, आणि बॅलन्स शून्य! पोटात गोळाच आला. बायको म्हणे चेहरा असा का झालाय, म्हटलं काही नाही, नेट स्लो आहे. मग कळलं की शब्द तेच असले तरी प्रत्येक प्रकारच्या पत्त्याचा रस्ता वेगळा असतो, आणि स्पॅरो आपणहून नेटिव्ह सेगविट, म्हणजे बीसी१क्यू (bc1q) ने सुरू होणारा पत्ता धरून चालतं, माझे पैसे तर लेगसीत, म्हणजे जुन्या १ वाल्या प्रकारात. ‘डिस्कव्हर वॉलेट’ नावाचं बटण दाबलं, त्याने स्वतःच शोधून काढलं. या एका बटणासाठी दोन स्टार.

पुढे सेंडच्या पानावर जे चित्र दिसतं ते बघून फीचं गणित पहिल्यांदा डोक्यात शिरलं. डावीकडे माझ्या बारा रेघा, बारा वेळा आलेले बारा तुकडे. मी समजत होतो की रक्कम मोठी तर फी मोठी, तसं नाहीच, फी जागेची असते. चिल्लर जेवढी जास्त तेवढी जागा जास्त. १ वाल्या पत्त्यातला एक तुकडा खर्च करायला साधारण १४८ व्हीबाइट (व्यवहाराची जागा मोजायचं माप) लागतात, बीसी१क्यूचा ६८ मध्ये भागतो. हिशोबाला सोपं म्हणून एक बिटकॉइन एक कोटीला धरा, म्हणजे एक सॅट (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) दहा पैशाला. रेट व्हीबाइटमागे ५० सॅट असेल तर माझे बारा तुकडे हलवायला नऊ हजारांच्या वर जातात, तेच बीसी१क्यूत असते तर सव्वाचार हजारांच्या आसपास. आणि २० एप्रिल २०२४ ला, हाल्विंगच्या (मायनरचं बक्षीस निम्मं होण्याच्या) दिवशी, सरासरी फीच शंभर डॉलरच्या वर गेली होती, तेव्हा ५० सॅट म्हणजे काहीच नाही. मी रेट २ वर आलेला बघून रविवारी सकाळी पाठवलं, साडेतीनशे-चारशे रुपयांत काम झालं. (नफ्यावर सरकार ३० टक्के घेतंच, निदान फी तरी वाचवा.)

आता पाठवायचं कुठे, यावर नेरुळच्या मेव्हण्याशी वाजलं. म्हणाला, "दाजी, टॅपरूट घ्या ना, लेटेस्ट आहे." अरे पण पत्ता म्हणजे मोबाईल आहे का! टॅपरूट, बीसी१पी वाला, नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, एक तुकडा साधारण ५८ मध्ये खर्च होतो हे खरं, पण त्याचा आउटपुट, म्हणजे पैसे जिथे जातात ती नोंद, ४३ चा, बीसी१क्यूचा ३१ चा. म्हणजे एक तुकडा टाकून दोन आउटपुट (एक समोरच्याला, एक उरलेले परत स्वतःला) असा साधा व्यवहार टॅपरूटमध्ये १५४ ला पडतो आणि बीसी१क्यूत १४१ ला. खूप तुकडे एकत्र करणाऱ्याला टॅपरूट स्वस्त, माझ्यासारख्या एकगठ्ठा ठेवून बसणाऱ्याला नाही.

दुसरं म्हणजे सिक्युरिटी, मला हे पैसे पंधरा-वीस वर्षं ठेवायचेत. टॅपरूटमध्ये पब्लिक की (तुमच्या गुप्त चावीची जोडीदार) पत्त्यातच उघडी असते. बीसी१क्यूत फक्त तिचा हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा, असतो, की बाहेर येते ती खर्च करताना. आजचे क्वांटम कॉम्प्युटर ती की फोडू शकत नाहीत, पण उद्याचं कोणी सांगावं, तेव्हा झाकलेली बरी. अर्थात १ वाल्यातही हॅशच असतो, पण मी त्यातून एकदा विकलं तेव्हाच की जगजाहीर झाली आणि मागे उरलेलं सगळं त्याच उघड्या कीवर बसलं होतं. एकच पत्ता वापरायची ही खरी किंमत, फी तर त्यामानाने किरकोळ. यावर मेव्हणा गप्प बसला नाही, पण विषय मिसळीवर नेला.

शिवाय मी जिथून खरेदी करतो त्या एक्स्चेंजने बीसी१पी पत्ता घेतलाच नाही, ‘इनव्हॅलिड ॲड्रेस’ म्हणून लाल अक्षरं, आणि कस्टमर केअरचं एकच उत्तर, पत्ता तपासून बघा. बीसी१क्यू पहिल्या झटक्यात घेतला.

तक्रारी आहेतच. सुरुवातीला पब्लिक सर्व्हर निवडलात तर तुमचे पत्ते त्या सर्व्हरवाल्याला दिसतात, हे नवशिक्याला कोण समजावणार? आणि शब्द लॅपटॉपवर टाइप करणं मुळात चूकच, मी केलं कारण ते वॉलेट लगेच रिकामं करायचं होतं. नवं वॉलेट हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे चाव्या जपणाऱ्या वेगळ्या छोट्या यंत्रावर बनवलं, स्पॅरोला केबलने जोडलं, आणि पाठवायच्या आधी पत्त्याची ४२ अक्षरं त्या नखाएवढ्या स्क्रीनवर चष्मा लावून दोनदा जुळवली. आता बारा रेघांच्या जागी एकच आहे. या महिन्याच्या पगाराला रिसीव्हवर गेलो तर स्पॅरोने आपणहून नवा पत्ता काढून दिला.