जुनी लेक्सस ईएस ३५० : गाडी उत्तम, पण आधी पायाखालची चटई पाहा

मुलीला गेल्या वर्षी न्यू जर्सीतच नोकरी लागली आणि रोजच्या प्रवासासाठी तिच्याकरिता गाडी घेणे भाग पडले. पहिल्याच पगारापासून हप्ते तिच्या मागे लावायचे नाहीत, एवढे घरात आधीच ठरलेले होते. इथल्या मराठी मंडळींत जुन्या लेक्ससविषयी (हा टोयोटाचाच उंची ब्रँड) एक सल्ला हमखास मिळतो : "आत टोयोटाच आहे, डोळे झाकून घ्या." आम्ही २०१० सालची ईएस ३५० घेतली. घेतली तेव्हा ती १ लाख १८ हजार मैल धावलेली होती आणि आता आमच्याकडे तिला वर्ष पूर्ण झाले आहे. त्या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग मला पूर्णपणे पटला आहे. दुसरा अर्धा मात्र कुणी कुणाला देऊ नये असे मनापासून वाटते, आणि त्यासाठीच हे परीक्षण लिहीत आहे.

गाडीचे गुण थोडक्यात सांगतो, कारण त्यांबद्दल फारसे दुमत नाही. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन २७२ अश्वशक्ती देते. त्यात टायमिंग बेल्ट नसून साखळी आहे, त्यामुळे ठरावीक मैलांनंतर बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च येत नाही. महामार्गावर ताशी ६५ मैलांच्या वेगातही मागच्या सीटवरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. वळणावर गाडी थोडी कलते आणि स्टिअरिंग जरा जास्तच हलके वाटते, पण रोज कामावर जाणाऱ्या माणसाला याहून शांत गाडी या किमतीत मिळणे कठीण आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. अमेरिकेतल्या रिकॉलच्या (दोष आढळल्यावर कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याच्या) इतिहासात या मॉडेलचे नाव ज्या घटनेमुळे कायमचे कोरले गेले, ती २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या सँटी गावात घडली. महामार्ग पोलिसांतला एक अनुभवी अधिकारी कुटुंबासह डीलरने तात्पुरती वापरायला दिलेल्या ईएस ३५० मधून जात असताना अ‍ॅक्सिलरेटर अडकला आणि गाडीचा वेग ताशी १०० मैलांच्या पुढे गेला. गाडीतून आपत्कालीन सेवेला फोन लागलेला असतानाच अपघात झाला आणि आतले चौघेही मृत्युमुखी पडले. चौकशीत असे आढळले, की त्या गाडीत दुसऱ्याच लेक्सस मॉडेलची जाड रबरी चटई टाकलेली होती, ती जमिनीवरच्या आकड्यांना (हुकांना) अडकवलेली नव्हती आणि पेडल तिच्यात अडकून राहिले होते. काहीच दिवसांपूर्वी हीच गाडी वापरलेल्या दुसऱ्या एका ग्राहकालाही तोच अनुभव आला होता आणि त्याने डीलरकडे तसे सांगितलेही होते. हा तपशील मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा अस्वस्थ होतो. तोंडी सांगितलेली एक तक्रार काउंटरच्या पलीकडे पोचली नाही.

अशा वेळी ब्रेक का लागत नाही, असा प्रश्न सहज मनात येतो. इंजिनातल्या निर्वाताच्या मदतीने पायाचा जोर वाढवून ब्रेकला दिला जातो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा राहिला, की तो निर्वात तयारच होत नाही; साठलेला निर्वात ब्रेक दोन-तीनदा दाबला की संपतो, आणि त्यानंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. त्यात ही गाडी किल्लीची नाही, बटणाची आहे. चालत्या गाडीत इंजिन बंद करायचे, तर ते बटण सुमारे तीन सेकंद सलग दाबून धरावे लागते, आणि भेदरलेला माणूस बटण धरून ठेवत नाही, वारंवार दाबत राहतो. म्हणून मुलीच्या हाती गाडी देताना एका रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन तिच्याकडून दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा करून घेतल्या : गिअर न्यूट्रलमध्ये टाकणे आणि ब्रेकवर पाय पक्का रोवून ठेवणे, तो उचलून परत परत मारायचा नाही.

चटईचा धोका कंपनीला तेव्हा पहिल्यांदाच कळला होता असेही नाही. सप्टेंबर २००७ मध्येच टोयोटाची कॅमरी आणि ईएस ३५० यांच्यासाठी विकलेल्या ५५ हजार रबरी चटया तिने परत मागवल्या होत्या. सँटीच्या अपघातानंतर मात्र ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चटई काढून ठेवण्याचा इशारा देण्यात आला आणि पुढे पेडल आखूड करणे, त्याखालच्या जमिनीच्या अस्तराचा आकार बदलणे, तसेच ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेल्यास इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी प्रणाली बसवणे, अशी दुरुस्ती ठरली. ईएस ३५० ची २००७ ते २०१० ही सर्व मॉडेल वर्षे त्यात येतात. दोष इलेक्ट्रॉनिक असावा या शंकेचीही नासाच्या अभियंत्यांकडून तपासणी झाली आणि तसा पुरावा सापडला नसल्याचे फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झाले. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल मार्च २०१४ मध्ये टोयोटाने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरले.

हे सगळे जुने झाले, असे आम्हालाही सांगण्यात आले. आम्ही पाहिलेली पहिली गाडी २००८ सालची होती. विक्रेता चकचकीत रंग, लाकडी पट्टी आणि सनरूफ दाखवत होता. मी चालकाच्या बाजूचे दार उघडून गुडघ्यावर बसलो आणि मोबाइलचा टॉर्च पेडलखाली धरला. मूळची कापडी चटई तशीच होती आणि तिच्यावर बाहेरून आणलेली जाड रबरी चटई नुसती अंथरलेली होती. चटई सरकू नये म्हणून जमिनीवर जे दोन आकडे असतात, त्यांपैकी एक गायब होता आणि दुसरा कशातच अडकवलेला नव्हता. मी वरची चटई तळव्याने पुढे सरकवली, तर तिची कड थेट अ‍ॅक्सिलरेटरच्या टोकाला जाऊन भिडली. इंजिन बंद ठेवूनच पेडल हाताने पूर्ण दाबले आणि सोडले. ते कडेखाली अडकले आणि तिथेच राहिले. मुलगी शेजारी उभी होती. तिने पाहिले आणि म्हणाली, "बाबा, ही नको."

समोरच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दिसणारा १७ अक्षरी-आकडी क्रमांक सरकारी रिकॉल शोधात घातला, तेव्हा पेडलची दुरुस्ती झालेलीच नाही आणि एअरबॅगची दुरुस्तीही बाकी आहे असे कळले. विक्रेत्याला विचारले, तर "तुम्ही घेतल्यावर करून घ्या, फुकटच होतं," असे उत्तर मिळाले. कायद्याच्या दृष्टीने त्याचे फार चुकलेले नाही, आणि वाईट वाटते ते त्याचेच. नवी गाडी रिकॉल शिल्लक असताना विकता येत नाही, भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही २०१६ पासून तशी गाडी देता येत नाही, पण जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यावर संघराज्य पातळीवर असे कुठलेच बंधन नाही.

एअरबॅगचे प्रकरण पेडलहून अधिक गंभीर आहे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. २००७ ते २०१२ च्या ईएस ३५० मध्ये पुढच्या प्रवाशासमोरच्या एअरबॅगला ताकाता कंपनीचा इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) होता. त्यातले अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे उष्णता आणि दमट हवा सोसून बिघडते आणि अपघाताच्या क्षणी इतक्या जोरात पेटते, की धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. एकट्या अमेरिकेत या दोषाने पंचविसाहून अधिक माणसे दगावली आणि सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले. म्हणूनच फ्लोरिडा किंवा टेक्साससारख्या उष्ण, दमट भागातून आलेली जुनी गाडी असेल, तर रिकॉल शोधातला एअरबॅगचा शेरा पाहिल्याशिवाय शेजारच्या सीटवर कुणालाही बसवू नये. ही दुरुस्ती गाडी कितीही जुनी असली तरी मोफत होते. इतर रिकॉलच्या बाबतीत मोफत दुरुस्तीची कायदेशीर हमी, रिकॉल जाहीर झाला तेव्हा गाडीच्या पहिल्या विक्रीला १५ वर्षांहून अधिक काळ झालेला नसेल तरच असते, म्हणून पैसे देण्याआधी अधिकृत सेवा केंद्राला क्रमांक सांगून विचारून घेणे बरे.

मालकांच्या तक्रारी वाचताना एक पथ्य पाळावे लागते. सरकारी नोंदवहीत कुणीही तक्रार लिहू शकतो, प्रत्येक तक्रार तपासलेली नसते, आणि २००९-१० मध्ये बातम्यांचा गदारोळ सुरू झाल्यावर जुन्या घटनांच्या तक्रारींचाही पूर आला. त्यामुळे एकूण आकडा पाहून घाबरू नये. तारीख, मैल आणि वर्णन यांचा मेळ पाहावा. या गाडीच्या बाबतीत सतत भेटणाऱ्या तक्रारी तीन-चार आहेत. उन्हात डॅशबोर्ड वितळून चिकट आणि आरशासारखा चकचकीत होतो, त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडते आणि सकाळच्या उन्हात रस्ता नीट दिसत नाही. हा माझ्या मते सुरक्षेचाच प्रश्न होता, पण त्याचा रिकॉल झाला नाही. कंपनीने ठरावीक मुदतीपुरता तो मोफत बदलून दिला आणि ती मुदत संपली आहे. इंजिनातल्या तेलाच्या एका नळीचा मधला भाग रबरी होता. तो फुटला तर तेल झपाट्याने निघून जाते आणि इंजिन जळू शकते. त्यासाठीही रिकॉल नव्हे, तर कंपनीची स्वतःची सेवा मोहीम काढली गेली आणि संपूर्ण धातूची नळी बसवण्यात आली. याशिवाय पाण्याचा पंप गळणे आणि कमी वेगात गिअर बदलताना गाडी क्षणभर अडखळणे या तक्रारी येतात.

हा फरक खरेदीदाराने नीट समजून घ्यावा. सरकारी शोधात "रिकॉल शिल्लक नाही" असा शेरा आला, म्हणजे डॅशबोर्ड आणि तेलाची नळी यांविषयी काहीही कळले असे होत नाही, कारण त्या गोष्टी त्या यादीत येतच नाहीत. आम्ही १५० डॉलर देऊन आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घेतली. त्याने टॉर्च मारून नळी दाखवली. ती अथपासून इतिपर्यंत धातूची होती. पेडल आखूड केलेले होते, एअरबॅग बदलल्याची नोंद होती, दोन्ही आकडे जागेवर होते. तेव्हाच आम्ही पैसे दिले.

तरीही डिसेंबरात पहिला बर्फ पडल्यावर मुलीच्या मैत्रिणीने तिला प्रेमाने रबरी चटयांचा जोड भेट दिला आणि तो कापडी चटईवरच टाकला गेला. सेवा केंद्राने केलेली दुरुस्ती कागदावर पूर्ण असते, पण जमिनीवरची चटई दर हिवाळ्यात नव्याने टाकली जाते. आता बर्फाच्या दिवसांत कापडी चटई आधी बाहेर निघते, मग याच मॉडेलच्या मापाची रबरी चटई दोन्ही आकड्यांत अडकते.

याच पिढीतली गाडी पुन्हा घ्यायची झाली, तर मी थोडे जास्त पैसे देऊन २०११ किंवा २०१२ ची घेईन. ती चटईच्या रिकॉलमध्ये येत नाही, ब्रेकला प्राधान्य देणारी प्रणाली तिच्यात कारखान्यातूनच बसवलेली असते आणि डॅशबोर्डच्या तक्रारी प्रामुख्याने सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांच्या आहेत. एअरबॅगच्या रिकॉलसाठी गाडीचा क्रमांक मात्र तिचाही तपासावा लागेल. २००७-०८ ची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्याने डॅशबोर्डवरून बोट फिरवून पाहावे आणि चालकाच्या बाजूला गुडघ्यावर बसून टॉर्च मारावा. दोन्हींना मिळून पाच मिनिटे लागतात.